शिडी पुन्हा सापडली

डिजिटल परिपथाचा आराखडा संगणक बराचसा स्वतःच काढतो. ॲनालॉग परिपथ मात्र असा सहजी हाती येत नाही. त्यातला विद्युतदाब सलग बदलत असतो आणि एक घटक बदलला, की बाकीच्यांचेही गणित बदलते. मग हे काम संगणकावर सोपवायचे कसे?

१९९६ साली अमेरिकेतील जॉन कोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला फक्त अपेक्षा सांगितली : १००० हर्ट्झपर्यंतचे तरंग जाऊ द्यायचे, २००० हर्ट्झच्या वरचे अडवायचे. संगणकाने वाटेल तसे जोडलेले हजारो परिपथ मांडले, आकडेमोडीने प्रत्येकाची परीक्षा घेतली. त्यातले बरे निवडून, त्यांच्या भागांची अदलाबदल करून पुढची पिढी बनवली. अनेक पिढ्यांनंतर एकदा शिडीसारखा परिपथ हाती आला : ओळीने वेटोळी आणि मधूनमधून खाली जोडलेले कपॅसिटर. जॉर्ज कॅम्पबेल यांना १९१७ साली पेटंट मिळाले होते, ते याच रचनेचे!

शिडीची कल्पना संगणकाला कोणी दिली नव्हती. त्याने ती चाचपडत गाठली. वेटोळे जलद तरंगांना अडवते, कपॅसिटर त्यांना खाली वाट देतो. एका पायरीवर निसटलेले पुढच्या पायरीवर अडकतात. हे कारण मात्र संगणकाने सांगितले नाही. ते आपल्यालाच शोधावे आणि समजून घ्यावे लागते.