नर रेडकू वाया घालवू नका



इंदूरला राजवाड्याजवळच्या सराफ्यात रात्री रबडीच्या कढया उकळू लागतात. त्या कढईतले बरेचसे दूध आसपासच्या खेड्यांतील म्हशींचे असते. म्हैस व्याली आणि वगार झाली तर घरात आनंद होतो. नर झाला तर त्याला कोपऱ्यात बांधतात, पान्हा सुटण्यापुरते सडाला लावतात आणि ओढून काढतात. महिनाभरात ते हाडाडते आणि मरते. आम्ही त्याला दैव म्हणत नाही. ती उपासमार आहे, आणि तिच्यात आपलेही नुकसान आहे.

मांसासाठी वासरे वाढवावीत का, असे काही जण आम्हाला विचारतात. आधी कायदा समजून घ्यावा. मध्य प्रदेशात २००४ च्या गोवंश वध प्रतिषेध अधिनियमाने गाय, बैल, वळू व वासरे यांची कत्तल आणि कत्तलीसाठी वाहतूक हे गुन्हे ठरले आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला संरक्षण होते. २०१५ पासून बैल व वळूही त्यात आले. म्हणून गाईच्या गोऱ्ह्याचा विचार या कामी करूच नये. म्हैस गोवंशात मोडत नाही. परंतु तिच्या कत्तलीलाही तपासणी व दाखला लागतो. भारतातून परदेशी जाते ते मांसही मुख्यतः म्हशीचेच असते. जनावर विकण्यापूर्वी सरकारी पशुवैद्यकाकडे नियम विचारावेत आणि विक्रीची पावती जपून ठेवावी.

आता सुरुवात कशी करावी ते पाहू. बाजारातून पाच-दहा रेडके आणू नयेत. त्यांच्याबरोबर रोगही गोठ्यात येतो. आपल्याच म्हशीच्या एका रेडकापासून आरंभ करावा.

रेडकू जन्मताच नाकातोंडातला चिकट स्राव पुसावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. मग लगेच, तासा-दोन तासांच्या आत, त्याला चीक पाजावा. जार पडेपर्यंत चीक देऊ नये ही समजूत चुकीची आहे. रोगाशी लढण्याची शक्ती रेडकाला चिकातूनच मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद २४ तासांत संपते. रेडकाचे वजन ३० किलो असेल तर पहिल्या दिवशी सुमारे ३ लिटर चीक तीन-चार वेळांत विभागून द्यावा. खरवस आपल्या घरी सर्वांनाच आवडतो. आम्हीही एका वर्षी पहिलाच चीक खरवसाला दिला, आणि आठवड्याच्या आत हगवणीने रेडकू गमावले. तेव्हापासून आमचा नियम एकच : आधी रेडकू, उरेल त्याचा खरवस.

पहिला महिना वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज सुमारे ३ लिटर, दूध द्यावे. महिन्याचे ९० लिटर झाले. खर्च मोठा आहे, हे आम्ही लपवत नाही. आपल्या गावचा दर लावून हिशेब आधीच करावा. दूध लवकर तोडायचे तर ते आंबोणाची गोडी लावून तोडावे, उपाशी ठेवून नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून मक्याचा भरडा ५० भाग, भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ असे आंबोण मूठमूठ चाटवावे. सोबत कोवळा चारा व स्वच्छ पाणी ठेवावे. दुसऱ्या महिन्यात दूध हळूहळू कमी करावे. रोज अर्धा-पाऊण किलो आंबोण खाऊ लागल्यावर ते बंद करता येते. सरकीची पेंड लहान रेडकाला देऊ नये. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांपर्यंत वर्ज्य.

दुसरा शत्रू जंत. म्हशीच्या दुधातूनच गोल जंताची पिल्ले रेडकाच्या पोटात जातात. म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवशी पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापाने जंताचे औषध द्यावे आणि पुढेही त्यांच्या सल्ल्याने देत राहावे. चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. घटसर्प म्हशीला फार लवकर मारतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. उन्हाळ्यात सावली व अंगावर पाणी हवेच, कारण म्हशीला घाम कमी येतो.

चांगल्या खाद्यावर रेडकू रोज सुमारे ५०० ग्रॅम वाढले, तर १५ महिन्यांत २२५ किलो वाढ होते. जन्माचे ३० किलो धरून ते अडीचशे किलोंच्या पुढे जाते. नियमाने विकता आले तर ठीक. नाही तर चांगला टोणगा रेतनासाठी किंवा ओढकामासाठीही राहतो. शिवाय रेडकू जगले तर म्हशीचा पान्हा टिकतो, हा लाभ पहिल्या दिवसापासूनचा.

अधिक सल्ल्यासाठी इंदूरजवळ महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जरूर जावे. पुढची म्हैस विते तेव्हा चिकाचे भांडे घरात नेण्याआधी गोठ्यात एकदा वळून पाहावे, एवढेच आमचे सांगणे.