परसातल्या वाघळांचा बंदोबस्त : मारू नका, वाट मोडा

गावात शेतीशाळा घ्यावी, मक्यावरची लष्करी अळी सांगून व्हावी, उसातली हुमणी सांगून व्हावी, चहाचे कप फिरू लागावेत आणि मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी विचारावे, "साहेब, रानातलं सांगितलंसा, आता घरामागचंबी सांगा. त्या वाघळांवर काय औषध हाय का?"

औषध नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदाराने दिले तरी घेऊ नये. मात्र उपाय आहेत, बहुतेक बिनपैशाचे आहेत, आणि नीट केले तर परसातली वर्दळ निश्चित कमी होते.

वाई तालुक्यातल्या एका गावी एका मावशींच्या परसात पेरूची दोन झाडे, एक चिकू, चार केळी आणि गोठा. मावशी वैतागलेल्या. "पेरू आमचा, पाणी आमी घालायचं, आन् जेवणावळी त्यांच्या! सकाळी अंगण झाडाया गेलं की निम्मं चावल्यालं खाली. भित तर बघा, रंगपंचमी झालीया." त्यांच्या मुलाने यावर तोडगा काढून ठेवला होता. चार पिकले पेरू कापायचे, त्यात कीटकनाशक भरायचे आणि फांदीला बांधायचे. डबा पाहायला मागितला. त्यावर लाल त्रिकोण. म्हणजे अतिविषारी.

शेतकरी बंधूंनो, हा विचार डोक्यात येतो तेव्हा एक गोष्ट बघावी. वाघूळ फळ जागेवर बसून खात नाही. तोडते, तोंडात धरते आणि दुसरीकडे नेऊन खाते. निम्मे खाली टाकते. मग ते विष घातलेले निम्मे फळ कुणाच्या अंगणात पडणार? शेजारच्या शेरडाला, कोंबडीला, नाहीतर शाळेला जाणाऱ्या पोराला ते सापडणार. काही घरांत अजून जुन्या फोरेटच्या पिशव्या माळ्यावर पडून आहेत. फोरेटवर २०२०च्या अखेरीपासून बंदी आहे, ते असल्या कामाला तर नकोच नको. डबा मुलाने आमच्या समोर कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. मग परस बघायला घेतले.

पहिले काम म्हणजे पाहुणा कोण ते ओळखणे. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना वटवाघूळ म्हणतात, पण परसाच्या हिशेबाने दोन जाती धराव्यात. एक फळे खाणारे वाघूळ आणि दुसरी किडे खाणारी लहान पाकोळी. दोघांचे येण्याचे कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. पाकोळी दिवस मावळता मावळता, अजून उजेड असतानाच बाहेर पडते. गिरक्या घेत, वेडीवाकडी वळणे घेत फिरते. वाघूळ त्यामानाने मोठे, अंधार पडल्यावर येते आणि सरळ झाडाच्या अंगाला जाते. विष्ठेवरूनही कळते. पाकोळीची लेंडी उंदराच्या लेंडीसारखी दिसते, पण काडीने दाबली की भुगा होतो आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची लेंडी कडक राहते. वाघळाची घाण ओली, चिकट, उंबराच्या नाहीतर पेरूच्या बियांनी भरलेली असते. भिंतीवरची मावशींची रंगपंचमी ती हीच.

आता पाकोळीचे. ती तुमच्यासाठी येत नाही, तुमच्या दिव्यासाठी येते. म्हणजे दिव्यावर जमणाऱ्या किड्यांसाठी. मागच्या दाराला पांढराशुभ्र एलईडी रात्रभर जळतो, खाली शेणाचा उकिरडा, बाजूला सांडपाण्याचे डबके. मग किडे येणार, आणि किडे आले की पाकोळ्या येणारच. दिवा गरजेपुरता लावावा. लावायचाच तर पिवळसर उजेडाचा लावावा, त्यावर पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात. तो दारावर न लावता दारापासून लांब खांबावर लावून उजेड दाराकडे पाडला तर किडे खांबाशी राहतात. सांडपाण्याला शोषखड्डा करावा. एवढ्याने फरक पडतो. आणि पाकोळी केसात अडकते म्हणून बायका डोक्यावर पदर घेऊन आत पळतात, त्यात तथ्य नाही. अंधारात बारीक तारही चुकवणारे ते जनावर आहे. स्वतःच्या चिरक्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ते वाट काढते. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही एवढेच. तुमच्या डोक्याजवळून जाते ते डोक्यावर घोंगावणाऱ्या डासासाठी.

किडे खाणारी एक पाकोळी रात्रीत आपल्या वजनाच्या मानाने भरपूर किडे फस्त करते. त्यात डास असतात, रात्री उडणारे पतंग असतात. हरभऱ्यावरची घाटे अळी असो, कपाशीवरची बोंड अळी असो, तिचा पतंग रात्रीच फिरतो आणि रात्रीच अंडी घालतो. अमेरिकेत टेक्सासच्या कापूस पट्ट्यात याचा हिशेब मांडला गेला. तिथली वटवाघळे बोंड अळीचे पतंग खातात म्हणून फवारणीचा खर्च वाचतो, असे तो हिशेब सांगतो. तेव्हा घरात नको असली तरी शिवारात पाकोळी असू द्यावी. फुकटचा गडी आहे.

घरात म्हणजे कुठे? पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, कौलाखाली, आढ्याशी, दुकानाच्या शटरच्या पेटीत. करंगळी जाईल एवढी फट तिला पुरते. इथे लोक दोन गोष्टी करतात आणि दोन्ही चुकतात. एक तर मिरचीची धुरी देतात. त्याने मोठी उडून जातात, पिल्ले आत मरतात आणि पंधरा दिवस घरात वास मारतो. गवताचे छप्पर असले तर आग लागायची भीती वेगळीच. दुसरे, भरदिवसा सिमेंट कालवून फट बुजवतात. आत झोपलेली सगळी कोंडली जातात.

बरोबर रीत अशी. संध्याकाळी खाट टाकून बसावे आणि कोणत्या फटीतून बाहेर पडतात ते नक्की करावे. बहुधा एक-दोनच वाटा असतात. बाकीच्या फटी बुजवून घ्याव्यात. मुख्य वाटेवर बारीक जाळीचा किंवा जुन्या मच्छरदाणीचा पडदा ठोकावा. वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का, खालून मोकळा, फटीच्या खाली हातभर लोंबणारा. पाकोळी आतून बाहेर येताना भिंतीवरून खाली सरकत येते आणि पडद्याखालून निसटते. पहाटे परतते ती सरळ फटीशी येते, तिथे जाळी लागते, खालून वर सरपटत जायचे तिला सुचत नाही. पाच-सात रात्री पडदा तसाच ठेवावा. एका संध्याकाळी कुणीच बाहेर पडले नाही अशी खात्री झाली की पडदा काढून फट चुन्या-सिमेंटने बुजवावी. उंदरासारखी ती कुरतडत नाही, म्हणून एकदा बुजवले की काम पक्के. हे सगळे दसरा-दिवाळीनंतर करावे. उन्हाळा आणि पावसाळ्याचा पहिला भाग हा पुष्कळ जातींच्या पिल्लांचा काळ, तेव्हा हात लावू नये.

डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगायची पद्धतही आहे. पाकोळ्या हटतील एवढ्या गोळ्या टांगल्या तर घरातल्या माणसांना आधी त्रास होतो. आवाजाची यंत्रे येतात, ‘ऐकू न येणारा आवाज, वटवाघळे गायब’ अशी जाहिरात असते. त्यांचा भरवसा धरता येत नाही. आमचे मत विचाराल तर त्या पैशात दोन कलमी झाडे येतील.

फळे खाणाऱ्या वाघळाचे गणित पूर्णपणे फळावर आहे. ते वासाने येते. पिकल्या फळाचा वास सुटला की आलेच. म्हणून फळ झाडावर पिकू देऊ नये, हा सगळ्यात मोठा उपाय. चिकूला नखाने हलकेच खरवडावे. आत हिरवे दिसले तर थांबावे, पिवळसर दिसले आणि चीक कमी आला की काढावा, घरात अढी घालावी. आंबा पाडाला आला की उतरवावा. पेरूचा गर्द हिरवा रंग फिकट पडू लागला की तोडावा, दोन दिवसांत घरात पिकतो. खाली पडलेली फळे रोज सकाळी गोळा करून कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत आणि वर माती लोटावी. मावशींकडे हेच होत नव्हते. पडझड कोपऱ्यात तशीच साठत होती.

झाडावर ठेवायचीच असतील ती फळे सुपारीएवढी झाल्यावर एकेक पिशवीत बांधावीत. व्यापारी बागांत पेरूला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालतात, परसातल्या झाडाला जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्याही चालतात. केळीचे एक विशेष सांगतो. घड पूर्ण निसवल्यावर खाली जे केळफूल लोंबत राहते त्यातल्या मधासाठी वाघूळ रात्री फेऱ्या घालते. ते केळफूल वेळेवर कापावे. घड पोसायला मदत होते, वाघळाची फेरी चुकते आणि घरात भाजी होते. घडाला पिशवी घालावी.

पूर्ण झाडावर जाळे टाकणार असाल तर मासेमारीचे नायलॉनचे ढिले जाळे टाकू नका. त्यात वाघूळ अडकते, घुबड अडकते, उंदरामागे आलेली धामण अडकते, आणि मग सोडवताना माणसाला चावे बसतात. करंगळीचे टोक आत जाणार नाही इतकी बारीक जाळी घ्यावी आणि ती ताणून बांधावी.

काही जण सांगतात, "आमच्याकडं फळझाडच न्हाई, तरी ओटीवर घाण." खरे आहे. वाघूळ फळ शेजाऱ्याकडचे आणते, खायला तुमची ओटी धरते. तिथे वाशाला नाहीतर पट्टीला उलटे टांगून ते जेवते. ज्या ठिकाणी नखे रुततात ती जागा गुळगुळीत करावी, म्हणजे पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठोकावा. फाटकाशी लावलेला उंच शोभेचा अशोक हेही एक कारण. पावसाळ्यात त्याला फळे येतात, वाघळांना ती आवडतात आणि झुकलेल्या पानांआड दिवसा लपायलाही बरे पडते. नवे झाड लावताना घराला खेटून लावू नये. डबे बडवणे, फटाके वाजवणे हे दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी वाघूळ सरावते आणि झोपमोड आपलीच होते.

आता आजाराचे, कारण खरी भीती त्याची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले होते. काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळात २०१८ साली कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत निपाहने माणसे दगावली होती. बातमी वाचून गडबडून जायचे कारण नाही, पण काळजी घ्यावी. चावलेले, टोचलेले फळ खाऊ नये. ‘तेवढा भाग कापून टाकला’ हे चालत नाही, पूर्ण फळ फेकावे. पोरांना हे नीट बजावून सांगावे. चांगली फळे धुऊन खावीत. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून हा आजार माणसांत गेला, कारण रात्री मडक्याला वाघळे तोंड लावतात. म्हणून शिंदी, नीरा काढणाऱ्यांनी मडक्याचे तोंड जाळीने झाकावे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण असावे, हे तर वाघळे नसली तरी लागू आहे. माळ्यावरची साठलेली लीद कोरडी झाडू नये, धूळ छातीत जाते. पाणी शिंपडून, नाकातोंडाला फडके बांधून गोळा करावी.

गावच्या पारावरच्या वडावर किंवा ओढ्याकाठच्या जांभळीवर मोठ्या वाघळांची वस्ती असते, ती हलवा असा ठराव काही ठिकाणी ग्रामसभेत येतो. झाड तोडणे, पेटवणे, बंदूक लावणे असले काही करू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वाघळे कावळा-उंदरांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हा वस्तीबद्दल तक्रार असेल तर वनरक्षकाला बोलवावे. शिवाय हुसकलेली वाघळे गाव सोडत नाहीत, चार-पाच झाडांवर विखुरतात आणि त्रास चौपट होतो. डोंगरात आपोआप उगवलेली उंबर, वड, जांभूळ, मोह यांची पुष्कळ झाडे वाघळांनी टाकलेल्या बियांतून आली आहेत. वन खात्याला त्यासाठी खड्डे काढावे लागलेले नाहीत.

मावशींच्या परसात महिन्याभराने परत गेलो. वाघळे यायची थांबली होती का? नाही. पण रोजच्या आठ-दहांच्या जागी एक-दोन, तीही चिकूवर, कारण शेंड्याची फळे काढायला कुणी चढले नव्हते. "शेंड्याचं त्यांचं, खालचं आमचं," मावशी म्हणाल्या. वाटणी त्यांना पटली असावी.

शेवटी एक. कधी जखमी वाघूळ किंवा पाकोळी अंगणात पडलेली सापडते. उघड्या हाताने उचलू नये. चावली किंवा ओरखडली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, लसीचे डॉक्टर ठरवतील. जखमी नसून नुसती पडलेली असेल तर तिच्यावर टोपले पालथे घालावे. बहुतेकांना जमिनीवरून नीट उडता येत नाही, उडायला उंची लागते. दिवस मावळला की टोपल्याखालून पुठ्ठा सरकवावा आणि झाडाच्या खोडाला डोक्याइतक्या उंचीवर ती चिकटेल असे सोडावे. ती स्वतःच वर चढेल. मांजर मात्र तेवढा वेळ घरात कोंडून ठेवावे.