सीट कव्हर घरी शिवताना : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीचं जंक्शन सोडलं, तर तोवर जिल्ह्याचा जवळपास सगळा प्रवास रस्त्यानेच व्हायचा, आणि आजही बहुतेक तसाच होतो. गेवराई-बीड-चौसाळा मार्गाने जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग असो, की केज-अंबाजोगाईचा रस्ता, मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना दुपारभर उन्हात उभ्या गाडीत बसणं ही शिक्षाच असते. मग रेक्झीनच्या सीटवर टॉवेल टाकला जातो, तो घसरतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मशीन आहे घरात, कव्हरच शिवून टाकू.’

इथून दोन टोकाची मतं सुरू होतात. एक म्हणतं, हे काम कुशनवाल्याचंच. दुसरं म्हणतं, त्यात काय, उशीचा अभ्राच तो. खरं म्हणजे सीट कव्हरमध्ये शिवणं सोपं असतं. कस लागतो तो बेतण्यात, आणि कुठे शिवायचं नाही हे ओळखण्यात.

गैरसमज १ : घरच्या मशीनवर सीट कव्हर शिवताच येत नाही.

वस्तुस्थिती : हे मशीनपेक्षा कापडावर अवलंबून आहे. ड्रिल, कॅनव्हास, मॅटी यांसारख्या जाड सुती कापडाचे दोन-तीन पदर टेलर मॉडेलचं लोखंडी पायमशीन सहज शिवतं. हलक्या प्लॅस्टिक बॉडीच्या इलेक्ट्रिक मशीनला मात्र सांध्यावर, जिथे पाच-सहा पदर एकत्र येतात, तिथे दम लागतो. तिथे मोटार बंद ठेवून चाक हाताने फिरवावं. फोम चिकटवलेलं जाड रेक्झीन पायपिनसकट शिवायचं असेल, तर ते काम खरोखरच कुशनवाल्याच्या जड मशीनचं आहे.

सुई बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. ब्लाउजसाठी लावलेली ११ किंवा १४ नंबरची सुई इथे वाकते किंवा मोडते. १६ नंबरची घ्यावी, कापड फारच जाड असेल तर १८ नंबरची. दुकानात ‘घरगुती मशीनची सुई’ असं स्पष्ट सांगावं. कारखान्यातल्या ज्युकी मशीनच्या सुईची दांडी गोल असते, घरगुती सुईची एका बाजूने चपटी. नंबर तोच असला तरी एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही.

टाका लांब ठेवावा, साडेतीन ते चार मिलिमीटरचा. बारीक टाका म्हणजे पक्की शिवण, हा हिशेब कापडाला लागू पडतो, रेक्झीनला नाही. रेक्झीनमध्ये सुईने पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. भोकं जवळजवळ पडली की त्याच रेषेवर रेक्झीन फाटतं. म्हणून रेक्झीनला टाचण्याही लावू नयेत, कपड्यांचे चिमटे लावावेत. रेक्झीन मशीनच्या पायाखाली चिकटून अडत असेल, तर वर पातळ कागद ठेवून शिवावं आणि नंतर तो फाडून काढावा.

गैरसमज २ : गाडीला रेक्झीनच हवं, सुती कव्हर म्हणजे गावठी काम.

वस्तुस्थिती : सुती कापडाला लाजण्याचं कारण नाही, निदान कापसाच्या जिल्ह्यात तरी. सरकारी गाडीत साहेबांच्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल असतो, तो काही केवळ मानाची खूण म्हणून नव्हे. ठरावीक हवामानात सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पाठीचा घाम सुती कापड शोषतं, रेक्झीनवर तो तसाच राहतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांहून जास्त तापमान असताना गाड्या तासभर उन्हात उभ्या केल्या, तेव्हा आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सुती कव्हर घातलं म्हणून गाडी कमी तापते असं नाही. पण कापडाच्या धाग्यांत हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता अंगाला सावकाश लागते. रेक्झीन एकदम चटका देतं. रंग फिका घेतला तर आणखी बरं.

अर्थात रेक्झीनचेही गुण आहेत. चहा सांडला, लहान मुलाला उलटी झाली, शेतातून चिखल आला, तर ते फडक्याने पुसता येतं. सुती कव्हर काढून धुवावं लागतं, उन्हाने त्याचा रंग उडतो. ज्यांच्या गाडीतून खताची पोती आणि माणसं दोन्ही जातात, त्यांनी पुढे सुती आणि मागे रेक्झीन असा मेळ घालायला हरकत नाही.

गैरसमज ३ : कापड जाड असलं की कव्हर टिकतं, दोरा कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : बहुतेक कव्हरांत कापडाच्या आधी शिवण जाते. साधा सुती दोरा ऊन आणि घाम यांनी कुजतो. नायलॉनचा दोरा ताकदीचा असतो, पण सततच्या उन्हात पॉलिएस्टरइतका तग धरत नाही. म्हणून पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. दोऱ्याच्या रिळावरचा टिकट नंबर जितका लहान, तितका दोरा जाड : ४० नंबरचा दोरा ६० नंबरच्या दोऱ्यापेक्षा जाड असतो. ताण पडतो तिथे, म्हणजे बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या सांध्यावर आणि नाडी लावलेल्या टोकांवर, दुहेरी टीप मारावी.

गैरसमज ४ : सीटची लांबी-रुंदी घेतली की माप झालं.

वस्तुस्थिती : सीट सपाट नसते. बैठकीची पुढची कड खाली वळलेली असते, पाठीला दोन्ही बाजूंनी फुगवटे असतात, वर हेडरेस्टच्या दांड्या असतात. फुटपट्टीच्या मापावर कापलेलं कव्हर ब्लाउजच्या चुकलेल्या मुंढ्यासारखं एका ठिकाणी ओढतं आणि दुसऱ्या ठिकाणी झोळ खातं.

खात्रीची पद्धत अशी. जुनी सुती साडी किंवा चादर सीटवर अंथरावी, मूळ सीटच्या शिवणी जिथे आहेत तिथून हाताने दाबून खडूने रेघा ओढाव्यात. बैठक, पाठ, बाजूपट्ट्या आणि हेडरेस्ट असे वेगळे तुकडे करावेत. प्रत्येकावर ‘चालक’ किंवा ‘डावी सीट’, ‘वर’ आणि ‘पुढे’ असं लिहावं. मग ते कापून, कच्चे टाके घालून सीटवर चढवून पाहावेत. ढिलं असेल तर इथेच आवळावं, कारण फोम दबतो आणि तंतोतंत मापाचं कव्हरही पुढे सैल पडतं. हा नमुना बसला, की त्याला चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर माया सोडून खऱ्या कापडावर उतरवावा.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, कापड आटवून न घेणं. कोऱ्या सुती कापडात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटण्याची शक्यता धरावी. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावं. दुसरी, दोन्ही पुढच्या सीटचे तुकडे एकाच बाजूचे कापणं. चालकाची आणि शेजारची सीट एकमेकींची आरशातली प्रतिमा असते. एकीचे तुकडे कापल्यावर दुसरीसाठी नमुना उलटा ठेवावा लागतो.

कापड किती लागेल, हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. नमुन्याचे तुकडे जमिनीवर कापडाच्या पन्ह्याइतक्या रुंदीत मांडावेत आणि लांबी मोजावी. चौकटी किंवा पट्ट्यांचं कापड असेल, तर नक्षी जुळवायला थोडं जास्त लागतं.

गैरसमज ५ : एअरबॅग इतक्या जोराने येते, की साधं कापड फाडून बाहेर पडेलच.

वस्तुस्थिती : ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून इथे थोडं थांबू.

भारतात नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढे शेजारच्या प्रवाशासाठीही ती सक्तीची झाली. या दोन्ही एअरबॅग स्टिअरिंग आणि डॅशबोर्डमध्ये असतात, त्यांचा सीट कव्हरशी संबंध नाही. पण आता अनेक गाड्यांना सहा एअरबॅग येतात. त्यांतल्या दोन सहसा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला बसवलेल्या असतात, आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन छताच्या कडेला.

बाजूने धडक बसते तेव्हा दार आणि माणूस यांच्यात वितभर जागा असते. त्यामुळे सीटमधली एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागांत, ठरलेल्या जागेतून, ठरलेल्या दिशेने उघडावी लागते. कंपनीच्या मूळ आवरणात त्यासाठी खास शिवण असते, तिथेच ती उसवते. वरून घट्ट कव्हर घातलं तर एअरबॅग उशिरा उघडते किंवा भलत्या दिशेला वळते. ती कव्हर फाडेलही, पण तो गेलेला क्षण परत मिळत नाही. ‘एअरबॅगला चालणारी’ म्हणून विकली जाणारी चांगली कव्हरं त्या जागी मुद्दाम कच्च्या दोऱ्याने शिवलेली आणि चाचणी केलेली असतात. कच्चा दोरा घरी वापरता येईल, चाचणी घरी करता येणार नाही.

म्हणून पुढच्या सीटच्या पाठीवर, दाराकडच्या बाजूला, ‘एसआरएस एअरबॅग’ असं छोटं लेबल आहे का, ते आधी पाहावं. असेल तर त्या सीटच्या पाठीचं कव्हर घरी शिवू नये. गाडीच्या पुस्तिकेतही सहसा हीच ताकीद असते. बैठकीचं, हेडरेस्टचं आणि मागच्या सीटचं कव्हर शिवता येतं, पण मागच्या सीटवर तसं लेबल नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. लेबल नसलेल्या जुन्या गाड्यांना ही अडचण नाही.

आणखी एक सूचना. कव्हर नीट बसावं म्हणून सीटचे बोल्ट खोलू नयेत, खालचे पिवळे कनेक्टर ओढू नयेत. पिवळा रंग हा एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

गैरसमज ६ : मागे बेल्ट कोण लावतं? बकल कव्हरखाली गेलं तरी चालेल.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, आणि बेल्टची सक्ती मागच्या प्रवाशांनाही आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघेही दगावले. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. बकलसाठी ठेवलेली भोकं मोठी आणि कडेने पक्की काजं केलेली असावीत. मुलांच्या सीटचे आयसोफिक्सचे हूक बैठक आणि पाठ यांच्या फटीत असतात, तेही झाकू नयेत. मागची सीट दोन भागांत दुमडत असेल, तर कव्हरही दोन भागांत शिवावं.

गैरसमज ७ : कव्हर बदललं तर आरटीओ पकडेल, किंवा गाडी पेट घेईल.

वस्तुस्थिती : पाटी बीडची एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, नोंदणी पुस्तकात सीटची संख्या असते, कव्हरचं कापड नसतं. सीट वाढवणं किंवा काढणं हा वेगळा विषय.

आगीची भीती अगदीच निराधार नाही. गाडीच्या आतल्या कापडासाठी जगभर ज्वलनाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. अमेरिकेच्या नियमानुसार ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. बाजारातून आणलेल्या कापडाची अशी हमी नसते. तेव्हा गाडीत विडी-सिगारेट नको, आणि इलेक्ट्रिक सीटच्या मोटारीजवळ किंवा सरकपट्टीत अडकतील अशा नाड्या नकोत. सीटमधून थंड हवा येणारी गाडी असेल, तर त्या सीटला कव्हर न घालणंच योग्य, कारण हवेची भोकं बुजतात.

गैरसमज ८ : घरी शिवलं म्हणजे फुकटात झालं.

वस्तुस्थिती : शिलाई वाचते. कापड, दोरा, इलास्टिक, चेन, वेल्क्रो यांचा खर्च राहतोच, आणि एक तुकडा चुकीचा कापला गेला तर बचत तिथेच जाते. खरा फायदा नंतर दिसतो. चालकाची बैठक सगळ्यात आधी झिजते. नमुना जपून ठेवला असेल, तर तेवढाच एक भाग पुन्हा शिवता येतो. तयार कव्हरात पूर्ण संच बदलावा लागतो.

ज्या बायका गावात फॉल-पिको आणि ब्लाउजवर घर चालवतात, त्यांच्यासाठी हे पूरक कामही ठरू शकतं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. मात्र गिऱ्हाइकाची गाडी एअरबॅगवाली असेल, तर पाठीचं कव्हर शिवायला नकार देण्याची तयारी हवी.

थोडक्यात निकाल असा : जुनी गाडी, सुती कापड आणि धीर असलेलं माणूस असेल, तर सगळी कव्हरं घरी शिवावीत. नवी, सहा एअरबॅगची गाडी असेल, तर पुढच्या सीटची पाठ सोडून बाकीचं शिवावं. सुरुवात मागच्या सीटच्या बैठकीपासून करावी, कारण ती सर्वांत सपाट आणि सोपी असते. आणि कात्री हातात घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडून सीटचं पान एकदा वाचावं.