न विणलेले कापड आणि कामगाराची छाती

आमच्या भागात कापड म्हटले की माग आलाच. उभे धागे, आडवे धागे आणि दिवसरात्र चालणारी खटखट. त्यामुळे 'न विणलेले कापड' हा शब्द प्रथम कानावर पडला की माणूस हसतो. न विणता कापड कसले? पण आपल्या आजोबांच्या पिढीला ही गोष्ट नवी नव्हती. बुरणूस आठवा. लोकर पिंजायची, पसरायची, ओली करून मळायची, लाटायची. तंतू एकमेकांत गुंतत आणि घट्ट बसत. ना सूत, ना माग.

आज हेच तत्त्व वापरून मोठ्या यंत्रांवर जे तयार होते त्याला नॉनवोव्हन म्हणतात. मोटारीतील पायाखालचे फेल्ट, रस्त्याच्या भरावाखाली अंथरतात ते जिओटेक्स्टाइल, गादीतील थर, बाळाचा डायपर, ऑपरेशन थिएटरमधील गाऊन आणि २०२० साली आपल्या सर्वांच्या तोंडावर आलेला मास्क ही सगळी एकाच कुळातील मंडळी. इचलकरंजीच्या डी.के.टी.ई. संस्थेत केंद्र सरकारच्या तांत्रिक वस्त्र योजनेतून नॉनवोव्हनचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. या कारखान्यांत काम करणारी माणसे संध्याकाळी माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात.

औद्योगिक वापराचे फेल्ट बनते ते बहुधा सुईच्या यंत्रावर. प्रथम तंतूंच्या गाठी फोडून मोकळ्या करतात. हे तंतू पॉलिस्टरचे, पॉलिप्रॉपिलीनचे किंवा जुन्या चिंध्या व सूतगिरणीचा टाकाऊ कापूस पिंजून काढलेले असतात. मग कार्डिंग यंत्र ते विंचरते, त्याची तलम जाळी निघते, जाळीच्या घड्या एकावर एक पडतात आणि तो जाड थर सुयांच्या यंत्राखाली जातो. हजारो सुया एकाच फळीवर बसवलेल्या, प्रत्येकीला बारीक काटे. फळी मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होते आणि काटे वरचे तंतू ओढून खालच्या तंतूंत गुंतवतात. दुसऱ्या टोकाला फेल्टचा गुंडाळा तयार.

या फेल्टचा एक मोठा वापर धूळ गाळण्याच्या पिशव्यांसाठी होतो. सिमेंट कारखान्यात, फौंड्रीत, जिथे हवेत घातक धूळ उडते तिथे या लांबट पिशव्या टांगतात. हवा आरपार जाते, धूळ पिशवीवर अडते. म्हणजे फौंड्रीतल्या कामगाराची छाती वाचवणारी वस्तू या कारखान्यात तयार होते. ती करणाऱ्याच्या छातीत मात्र काय जाते, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

गेल्या वर्षी चाळिशीतले एक गृहस्थ आले. फेल्टच्या एका कारखान्यात गाठी फोडण्याच्या खात्यात बारा वर्षे काम. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सुट्टीदिवशी एकदम बरं असतंय. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो की दुपारपासनं छातीवर दगड ठेवल्यागत हुतंय. आठवडाभरात कमी येतंय, परत सुट्टी झाली की तेच." खोकल्याचे औषध तीन ठिकाणचे झाले होते. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते, एक्स-रेही स्वच्छ होता. बिडी ओढत नव्हते. मी विचारले, कापूस की पॉलिस्टर? "चिंध्यांचा आणि गिरणीचा कापूस, साहेब. पॉलिस्टर परवडत न्हाई."

वाचकहो, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही बिसिनोसिस या आजाराची जुनी, पुस्तकी खूण आहे. इंग्रजी गिरण्यांत त्याला 'सोमवारचा ताप' असेही नाव पडले होते. कापूस, ताग व अंबाडीसारख्या तंतूंच्या धुळीने तो होतो, आणि गाठी फोडणे व कार्डिंग ही त्याची मुख्य ठिकाणे. सुरुवातीला धुळीपासून दूर गेले की फुफ्फुस पूर्ववत होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर दम कायमचा जडतो. एक्स-रेमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून 'फोटो चांगला आला' यावर समाधान मानू नये. श्वास जोराने फुंकून मोजण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, पाळी सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर केली तर फरक सापडतो. या गृहस्थांमध्ये तो सापडला.

खरी अडचण पुढे होती. "कारखान्यात सांगू नका, घरी बसवतील," असे त्यांनी हात जोडून सांगितले. ही भीती खोटी म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. पण मालक समजूतदार निघाले. तपासणीचा कागद पाहून त्यांनी कामगाराला पॅकिंगकडे घेतले. चार महिन्यांत छातीचा आवळा गेला. सगळेच मालक असे वागतील असे नाही.

"आमच्याकडे सगळे पॉलिस्टरच, आम्हाला भीती नाही," असे काही जण म्हणतात. कृत्रिम धाग्याने बिसिनोसिस होत नाही हे खरे. फेल्टचे धागे जाड असतात, साधारण १५ ते ४० मायक्रॉन. ते बहुतेक नाकाघशातच अडकतात आणि शिंका, खवखव एवढ्यावर निभावते. पण घासून, तुटून जो चुरा होतो तो बारीक असतो. अमेरिकेत नायलॉनचे कातरलेले तंतू कापडावर चिकटवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांमध्ये फुफ्फुसांचा एक नवा आजार आढळला आणि १९९८ साली त्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रक्रिया वेगळी, पण कृत्रिम तंतूंची बारीक धूळ निर्धोक नाही एवढे त्यातून कळते. मोटारीच्या बॉनेटखाली बसवायच्या काही फेल्टमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा राळेसारखा पदार्थ मिसळून भट्टीत भाजतात. तिथे डोळे चुरचुरत असतील तर ती सवयीची बाब समजू नये. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवले आहे.

पाळी सुटताना कपड्यांवरचा कापूस कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत मी जवळजवळ प्रत्येक कारखान्यात ऐकली. दिवसभर खाली बसलेली सगळी बारीक धूळ त्या पाच मिनिटांत हवेत येते आणि घोळका करून उभे असलेले सगळेच ती ओढतात. शिवाय दाबाची हवा डोळ्यात किंवा कानात गेली तर इजा होते ती वेगळीच. ओढून घेणारा व्हॅक्युम वापरावा. ते नसेल तर कपडे बदलावेत. तेच कपडे घालून घरी जाऊन लेकराला उचलू नये.

तोंडाला रुमाल बांधून काम भागत नाही. रुमाल मोठे तंतू अडवतो, बारीक धूळ नाही. त्यासाठी लागतो तो मास्कही नॉनवोव्हनचाच. त्याच्या मधल्या थराला मेल्टब्लोन म्हणतात. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन बारीक छिद्रांतून काढून त्यावर गरम हवेचा जोरदार झोत सोडला की एक ते पाच मायक्रॉनचे तंतू बनतात. हे तंत्र १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत, वातावरणातील किरणोत्सारी कण पकडण्यासाठी शोधले गेले. त्या थराला वीजभारही दिलेला असतो आणि तो भार कण खेचून धरतो. म्हणून एन-९५ मास्क साबणाने धुवू नये. भार जातो आणि उरते ते नुसते कापड. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. अर्थात पंखे लावून धूळ उगमापाशीच ओढून घेणे हे मालकाचे काम, मास्क त्याच्यानंतर.

आता कान. सुयांच्या यंत्रापाशी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज कानाला बाधणारा आहे असे समजावे. आपल्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. अमेरिकेची नायोश ही संस्था ८५ ची शिफारस करते. या बहिरेपणाची लबाडी अशी, की आधी वरचे स्वर जातात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही. घरची माणसे म्हणतात, मुद्दाम लक्ष देत नाहीत. वर मी सांगितलेल्या गृहस्थांची छाती सुधारली, कान नाही. गेलेले ऐकणे परत येत नाही. कानात कापसाचे बोळे घालून उपयोग होत नाही. फोमची बुचे चिमटून, कान वर ओढून, आत नीट बसवावी लागतात.

बिसिनोसिस आणि गोंगाटाचा बहिरेपणा हे दोन्ही १९४८ च्या कारखाना कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेच्या यादीतही ते आहेत. कामगार विमा योजनेतही त्यांची व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद आहे. त्यासाठी कागद लागतो. तेव्हा कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी नुसते 'कारखान्यात काम करतो' एवढ्यावर थांबू नका. खाते कोणते, कापूस की पॉलिस्टर, किती वर्षे, सुट्टीदिवशी त्रास कमी होतो का, हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवा.