आराखड्यातील खुणा आणि त्यांची लेखी व्याख्या

हैदराबाद येथील बेगम बाजार ही मुसी नदीच्या उत्तरेकडील जुनी घाऊक पेठ होय. दुसरे निजाम निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, असे सांगितले जाते. किराणा, सुका मेवा व भांडी यांची दुकाने, त्यांना लागून गोदामे आणि मध्ये अरुंद गल्ल्या, अशी तेथील रचना आहे. अशा वस्तीत आग लागल्यास विजेचे रोहित्र (लोक ज्यास डीपी म्हणतात) कोठे आहे आणि बंबास पाणी कोठून मिळेल, हे आराखड्यावरून क्षणात कळावे लागते. १९०८ च्या सप्टेंबरातील महापुरानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली या शहराचे तपशीलवार नकाशे तयार झाले. खुणांचा अर्थ निश्चित नसेल, तर असा कोणताही नकाशा पुढील पिढीस मुका ठरतो.

संगणकावरील आराखड्यांसही हाच नियम लागू आहे. तयार खुणांमध्ये हवी ती खूण नसल्यास ती स्वतः घडवून एक्सएमएल या लेखनपद्धतीत नोंदविता येते. ही पद्धती १९९८ साली प्रमाणित झाली. तीत प्रत्येक माहिती कोनी कंसांतील नावांच्या जोडीमध्ये लिहितात. एक जोडी उघडी राहिली तरी संपूर्ण धारिका अग्राह्य ठरते. हा काटेकोरपणा प्रथम जाचक वाटतो, परंतु चूक लपून राहत नाही, हा त्याचा मोठा लाभ होय.

खुणेच्या नोंदीत नाव, रुंदी, उंची, रेषांचे वर्णन आणि जोडबिंदू असतात. यांतील जोडबिंदूंकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. तारेची रेषा रोहित्रास ज्या ठिकाणी चिकटते, तो जोडबिंदू. समजा, रोहित्राची खूण ६० एकके उंच असून जोडबिंदू वरून १५ एककांवर आहे. ‘डाया’ या प्रणालीत तो चित्राच्याच मापाने, म्हणजे १५ असा लिहितात. ‘ड्रॉ डॉट आयओ’मध्ये मात्र तो उंचीच्या प्रमाणात, ०.२५ असा द्यावा लागतो. एकीकडील १५ हा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा उतरविल्यास तो उंचीच्या पंधरापट, म्हणजे ९०० एकके खाली जाईल, आणि तार रोहित्रास सोडून भलत्याच गल्लीत जोडलेली दिसेल. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: शाळेतील आलेखात उभे माप खालून वर वाढते, येथे ते वरून खाली वाढते.

खुणेवरील अक्षरे चित्रात कोरू नयेत. बेगम बाजारात तेलुगू, उर्दू, हिंदी व मराठी वाचणारे एकत्र वावरतात, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. म्हणून नोंदीत अक्षरांसाठी केवळ रिकामी चौकट राखावी व मजकूर आराखडा काढणाऱ्याने भरावा. खुणेचे अंतर्गत नाव मात्र एकदा ठरल्यावर बदलू नये, कारण जुने आराखडे त्याच नावाने खूण शोधतात. नाव बदलल्यास तेथे मूळ खूण उमटत नाही, आणि ज्याच्या हाती तो कागद आणीबाणीत पडेल, त्यास तेथे रोहित्र होते हे कळण्यास मार्ग उरत नाही. आकारात सुधारणा करावयाची झाल्यास नाव तेच ठेवून आवृत्तीचा क्रमांक स्वतंत्र लिहावा.