पाय मांडीतून गेल्यावर : चालण्याचे बळ खुब्यात

गुडघ्याच्या वरून पाय काढलेले रुग्ण कृत्रिम पाय लावून चालू लागल्यावर पुष्कळदा कंबरदुखीसाठी आपल्याकडे येतात. केवळ कटिशूल समजून तेल देण्यापूर्वी वैद्यांनी खुब्याचा सांधा तपासावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

मांडीचे हाड कापल्यावर मांडी आत ओढणाऱ्या मांसपेशींचा खालचा आधार सुटतो. बाहेर व पुढे ओढणाऱ्या पेशी मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्यामुळे उरलेली मांडी बाहेर व पुढे वळून आखडू लागते. कृत्रिम पायावर भार येताच खुब्याच्या बाजूच्या पेशी श्रोणी सावरतात. त्या दुर्बळ असल्यास धड त्याच बाजूस झुकते. नितंबाची मोठी पेशी मांडी मागे रेटून साधा कृत्रिम गुडघा मुडपू देत नाही. सांधा आखडला की ही कामे बिघडतात आणि भार कंबरेवर येतो.

म्हणून उरलेल्या मांडीखाली उशी ठेवू नये. शल्यचिकित्सकांच्या अनुमतीने दिवसातून दोन-तीनदा 15-20 मिनिटे पालथे झोपवावे. अभ्यंग जखम पूर्ण भरल्यावर, रात्री करावा. सकाळी तेलकट त्वचेवर सॉकेट सरकते. मधुमेहाने संवेदना मंदावली असल्यास स्वेदन टाळावे.