छातीत कळ, वय २५

तरुण मुलानं छातीवर हात ठेवला की आपण म्हणतो, "गॅस झाला असेल, ओवा खा." बऱ्याचदा ते खरंही निघतं. सहरी करून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं आणि छातीत जळजळतं. कधी फासळीच्या सांध्याला सूज असते. बोटानं दाबलं की नेमकं तिथंच दुखतं. परीक्षेच्या, नोकरीच्या काळजीनंही छाती धडधडते, श्वास कोंडतो. त्याला नाटक म्हणू नये.

भीती वाटते ती आपल्या या "गॅस"च्या सवयीची. उंच, सडपातळ मुलाचं, त्यातून तो सिगारेट ओढत असेल तर, फुप्फुस अचानक फुटून हवा छातीत साचू शकते. एका बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येते, धाप लागते. तापानंतर हृदयाच्या आवरणाला सूज आली तर आडवं पडल्यावर दुखणं वाढतं, पुढं वाकून बसल्यावर कमी होतं. आणि तंबाखू, मधुमेह किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार असेल, तर हार्ट अटॅक तिशीतही येतो.

छाती आवळतेय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, घाम फुटलाय, दम लागतोय, चक्कर येतेय? मग ओवा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. बाईकवर मागं बसवून नेऊ नका. ईसीजी काही मिनिटांत निघतो. तो ठीक आला आणि तरी दुखणं चालूच असेल, तर घरी परतण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. ते पुन्हा ईसीजी काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही तपासतात.